जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामी रोज लिहितो कसा आणि लिहायला लागला कशामुळे?
रुटीन एकदम मिलिटरीवालं आहे त्याचं. कादंबरी चालू असली की पहाटे ४ ला उठणार, ५-६ तास लिहिणार, दुपारी १० किलोमीटर पळणार नाहीतर १५०० मीटर पोहणार, मग वाचन, गाणी आणि रात्री ९ ला झोप, महिनोन्‌महिने हेच (आपल्याला चार दिवस जमायचं नाही). आधी टोकियोत जॅझ बार चालवायचा. १९७८ मध्ये बेसबॉलची मॅच बघताना बॅटरने मस्त फटका मारला आणि ह्याला वाटलं आपण कादंबरी लिहू शकतो, बस्स, कारण एवढंच! मग बारचं काम उरकून रात्री किचनच्या टेबलावर लिहायचा. सुरुवात जमेना म्हणून आधी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून परत जपानीत आणली, त्याची ती साधी छोटी वाक्यं तिथूनच आली. आणि चँडलर, फिट्झजेराल्ड, कार्व्हर ह्या अमेरिकन लेखकांचे तर जपानी अनुवादच केलेत त्याने.