टक्के किती, यापेक्षा पेपर कोणते?

प्रश्न : मी सांगलीतील एका महाविद्यालयातून मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए. झाले. पदवी तीन वर्षांची, शिवाजी विद्यापीठाची असून गुण ६८ टक्के आहेत. उत्तरपत्रिका मराठीतून लिहिल्या. जर्मनीत मानसशास्त्राचे एम.एस्सी. करून परत यावे आणि सांगली-मिरज भागात मनोरुग्णांवर उपचाराचे काम करावे, अशी इच्छा आहे. येथील एका सल्लागाराच्या मते साठ टक्क्यांच्या वर गुण आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसहा एवढे पुरेसे आहे. त्यांनी शुल्क मागितले आहे. वडील द्राक्षबागायतदार आहेत. यंदाच्या बागेचे पैसे यात घालावेत का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ज्यावर सारे अवलंबून आहे ती गोष्ट तुमच्या पत्रात आलेली नाही : तीन वर्षांत मानसशास्त्राचे नेमके कोणते पेपर तुम्ही दिलेत, आणि त्यांत संख्याशास्त्र व संशोधन पद्धती किती होती? सल्लागारानेही हे विचारलेले दिसत नाही.

जर्मनीतील मानसशास्त्राची पदवी साधारणतः १८० युरोपीय क्रेडिटची असते आणि तेथे एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे सुमारे ३० तासांचे काम, म्हणजे वर्ग, वाचन आणि परीक्षेची तयारी हे सगळे धरून. या क्रेडिटांपैकी बहुतेक वाटा मानसशास्त्राचाच असतो, आणि त्यात संख्याशास्त्र, प्रयोग, मानसशास्त्रीय चाचण्या व शेवटचा प्रबंध यांना ठळक स्थान असते. आपल्या बी.ए.त मात्र इंग्रजी, आवश्यक विषय आणि इतर ऐच्छिक विषय यांच्यामधून वाट काढत मानसशास्त्र तिसऱ्या वर्षी ‘स्पेशल’ होते. त्यामुळे तुमची पदवी हलकी ठरत नाही, तिची रचनाच निराळी आहे. परंतु अर्ज तपासणारा माणूस पदवीचे नाव वाचून थांबत नाही, तो संख्याशास्त्राचे क्रेडिट मोजतो आणि किमान आकडा भरला नाही तर ६८ टक्क्यांकडे न पाहताच अर्ज बाजूला ठेवतो. नव्या शैक्षणिक धोरणातील तीन वर्षांच्या पदवीचे किमान १२० क्रेडिट पाहून काही विद्यार्थी ‘आमचे साठ कमी पडतात’ म्हणून धास्तावतात, ते मात्र अनाठायी आहे. आपल्याकडील क्रेडिट वर्गातील तासांवरून ठरते (थिअरीच्या विषयात १५ तासांचे एक), त्यामुळे दोन्ही आकडे एकाच मापाने मोजता येत नाहीत.

गुणांचे रूपांतरही समजून घ्यावे. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्या वजाबाकीला कमाल आणि उत्तीर्णतेच्या किमान गुणांतील फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. किमान गुण ४० धरले तर तुमचे ६८ टक्के तेथे २.६ होतात. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. मानसशास्त्राच्या जागांसाठी तेथे चुरस मोठी असते, त्यामुळे २.६ हा आकडा मला दिलासा देणारा वाटत नाही.

आता तुमच्या हेतूविषयी. जर्मनीत मानसोपचाराच्या शिक्षणाचा नवा कायदा १ सप्टेंबर २०२० पासून लागू आहे. त्यानुसार उपचाराचा परवाना मिळवून देणाऱ्या चिकित्सा (क्लिनिकल) मानसशास्त्राच्या एम.एस्सी.साठी आधीची पदवीसुद्धा त्याच कायद्याच्या चौकटीत बसावी लागते, आणि शिक्षण जर्मन भाषेतून असते. इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रम बहुतांशी बोधन (विचार, स्मृती, आकलन यांचा अभ्यास), मेंदूविज्ञान, सामाजिक किंवा औद्योगिक मानसशास्त्राचे असतात. ते उत्तम असतात, पण त्यांतून उपचारक घडत नाही. शिवाय भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्यासाठी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते, आणि परदेशी पदवी हाती आली म्हणून ती आपोआप मिळत नाही. सांगलीतच काम करायचे असेल तर परिषदेने मान्यता दिलेले भारतातील अभ्यासक्रम हा मला सरळ रस्ता वाटतो. (सरळ रस्त्यावर सल्लागाराचे दुकान नसते, हा त्याचा एकच दोष.)

एवढे वाचूनही संशोधनाची ओढ असेल आणि जर्मनीलाच जायचे असेल, तर आधी तिन्ही वर्षांचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि एका कागदावर प्रत्येक पेपर, त्याचे तास व त्यातील घटक लिहा. समोरच्या रकान्यात हव्या असलेल्या अभ्यासक्रमाची प्रवेशाची अट लिहा. तफावत राहिली तर तो कागद त्या विभागाच्या प्रवेश समन्वयकाला ई-मेलने पाठवून विचारा. त्यासाठी शुल्क पडत नाही. भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रे तपासून अस्सल असल्याचा दाखला) लागते, तेव्हा मूळ गुणपत्रके आणि पदवी प्रमाणपत्र हाताशी ठेवा. उत्तरपत्रिका मराठीतून लिहिल्या असल्याने ‘शिक्षणाचे माध्यम इंग्रजी’ असा दाखला कोणी मिळवून देतो म्हणाला, तरी तो घेऊ नका. इंग्रजीची परीक्षा द्या. बागेचे पैसे उत्तर येईपर्यंत बागेतच राहू द्यात.

प्रश्न : मुलगा साताऱ्यात बी.कॉम. झाला असून त्याला आता इंग्लंडमध्ये मानसशास्त्रात एम.एस्सी. करायचे आहे. पदवीत हा विषय नसताना प्रवेश मिळतो का?
— एक पालक, सातारा

उत्तर : मिळू शकतो. तेथे अन्य शाखेच्या पदवीधरांसाठी ‘कन्व्हर्जन’ अभ्यासक्रम असतात, पूर्णवेळ केल्यास साधारण एका वर्षाचे. तो ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असलेला आहे ना, एवढे अवश्य पाहावे. कारण पुढील व्यावसायिक प्रशिक्षणाला लागणारी पायाभूत पात्रता त्या मान्यतेमुळेच मिळते. मात्र त्या एका वर्षाने मुलगा मानसशास्त्रज्ञ होणार नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे पदनाम तेथे कायद्याने संरक्षित आहे आणि त्यासाठी पुढे तीन वर्षांची डॉक्टरेट करावी लागते. खर्चाचा अंदाज बांधताना ही वर्षेही हिशेबात धरावीत.