‘आम्ही त्याला काही कमी पडू देत नाही’

प्रश्न : माझा धाकटा भाऊ 24 वर्षांचा आहे. सात वर्षांपूर्वी चिंचेच्या झाडावरून पडून त्याच्या मणक्याला मार बसला. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. दहावी झालाय, हात उत्तम चालतात. आम्ही त्याला काही कमी पडू देत नाही, तरी तो दिवसेंदिवस बोलेनासा झालाय. कुणी म्हणतं शिलाई मशीन घेऊन द्या, कुणी म्हणतं पिठाची गिरणी. अर्ज कशासाठी करावा?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. वय, शिक्षण, मणका, सगळं त्यात आहे. भावाला स्वतःला काय करावंसं वाटतं, त्याबद्दल एक ओळ नाही. विचारलंय का त्याला?

माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर, म्हणजे पायाला आधाराच्या पट्ट्या, लावून तीस वर्षं मी शेतीपंपांच्या मोटारी भरतोय, म्हणजे जळक्या मोटारीत तारेचे नवे वेढे घालतोय. माझ्या वडिलांनाही कुणीतरी शिलाई मशीनच सुचवलं होतं. पोलिओ झालेल्या पोराला पायानं मारायचं मशीन! दोन वर्षं ते माळ्यावर पडून होतं, मग मामीकडे गेलं. तिनं त्यावर चांगले पैसे कमावले.

यंत्र दारात आलं म्हणून गिऱ्हाईक येत नाही. तुमच्या गावातले लोक कुठल्या कामासाठी पैसे घेऊन बाहेर जातात, ते दोघं भाऊ बसून लिहून काढा. आमच्या भागात ते काम मोटारीचं होतं. थ्री फेजमधला एक फेज गेला की मोटार नुसती घूं घूं करते आणि चालू ठेवली तर जळते. उन्हाळ्यात तर रांग लागते.

हे काम बसून करायचं, म्हणून सांगतो. तुमच्या भावासारखाच मणक्याचा एक मुलगा माझ्याकडे शिकला. पहिले दीड महिने मी त्याला नवी तार हातात दिलीच नाही. जळकी कॉइल काढायची, वेढे मोजायचे, तारेचा गेज, म्हणजे जाडी, बघायची आणि वहीत लिहायचं, एवढंच. पाण्यातल्या मोटारीची तार प्लास्टिकच्या वेष्टणाची, वरच्या मोटारीची इनॅमलची, हे त्याला बोटांनी कळायला लागलं. एकदा मी म्हटलं सत्तेचाळीस वेढे, तो म्हणाला अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजले. अठ्ठेचाळीसच होते. त्या दिवशी त्याला नवी तार दिली. जड मोटार उचलायला चेन पुली आहे, आणि ती नसली तर ज्याची मोटार तोच उचलतो. पिकाचं पाणी थांबलेलं असतं, त्यामुळे माणूस हलत नाही, तिथंच उंबऱ्यावर बसून राहतो. आधीच्या सगळ्या वर्षांत त्या पोराच्या घरी जेवढे लोक आले नसतील, तेवढे एका उन्हाळ्यात ‘कधी देतोस रे?’ विचारत आले.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती, ती माझ्या बायकोच्या आली. पोरगा सकाळपासून पाणीच पीत नव्हता. का, तर संडासाला जायला दोन पायऱ्या होत्या आणि कुणाला उचलायला सांगायचं म्हणजे लाज. मणक्याच्या माणसानं पाणी तोडलं की लघवीचं इन्फेक्शन ठरलेलं. मग मागच्या बाजूनं उतार केला. उताराचं माप लक्षात ठेवा : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. त्याहून उभा केला तर खुर्ची एकट्याला चढवता येत नाही, उतरताना पालथी होते. खुर्चीवर चांगली गादी हवी, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं. संवेदना नसल्यामुळे जखम दुखत नाही, दिसते तेव्हा खोल गेलेली असते. काम कुठलंही निवडा, ही सवय आधी.

आता कागद. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना बहुतेक सवलती देतो. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून घ्या, पुढं जिथं जाल तिथं तेच मागतात. शिकण्यासाठी जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, चौकशी करा. ती बँक चालवते, ग्रामीण तरुणांना प्रशिक्षण, राहणं-जेवण फुकट असतं. पण जाण्याआधी फोनवर पायऱ्या किती आणि संडास कसला, हे विचाराच. मला एका केंद्रानं ‘सगळी सोय आहे’ सांगितलं होतं. वर्ग दुसऱ्या मजल्यावर निघाला.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मागच्या वर्षी ते कशावर गेले, हे ग्रामसभेत विचारा. तुम्ही नका विचारू, भावाला विचारू द्या. त्यासाठी त्याला सभेपर्यंत न्यावं लागेल, आणि सभा बहुधा पायऱ्या असलेल्या इमारतीत असेल. मग ती खाली, झाडाखाली घ्या म्हणावं.

दिव्यांग महामंडळाचं कर्ज मिळतं, पण पहिलं वर्ष घेऊ नका. हात बसू द्या.

प्रश्न : आमच्या बचत गटात शेजारची एक मूकबधिर मुलगी यायचं म्हणते. दोघी-तिघी म्हणतात, तिच्याशी बोलायचं कसं? शिवाय गावात आणखी चार दिव्यांग आहेत, त्यात दोन पुरुष. त्यांचं काय?

उत्तर : घ्या तिला. तिच्यासोबत कसं बोलायचं, हे तिच्या आईला आणि बहिणीला ठाऊक आहे, महिनाभर त्यांना शेजारी बसवा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रानं 10 हजार शब्दांचा कोश केलाय, मोबाईलवर बघून बाकीच्याही शिकतील.

बाकीच्या चौघांचं : बचत गटाला एरवी किमान दहा बायका लागतात, पण दिव्यांगांचा गट पाच जणांचाही चालतो आणि त्यात पुरुषही बसतात. बचत गटांचं काम बघणाऱ्या उमेद या सरकारी अभियानाच्या प्रभाग समन्वयकाला हे माहीत नसेल तर नियम दाखवायला सांगा. फक्त त्या मुलीला ‘तुमचा वेगळा गट आहे ना’ म्हणून तिकडे ढकलू नका. कुठल्या गटात बसायचं ते तिचं तिनं ठरवावं. आणि पैसे मोजायचं काम तिच्याकडे द्या, गलका चालू असताना तिचं मोजणं चुकायचं नाही.