रेल उचकटली म्हणजे ‘ओव्हरलोड’च, हे लगेच मान्य करू नका

तुमची तक्रार वाचली आणि माझीच जुनी कटकट कुणी पुन्हा लिहून काढली की काय, असं वाटलं. पिकअपच्या हौद्याची, सामान बांधायची उजवी रेल मधोमध बोटभर आत ओढली गेलीय, बांधलेला जनरेटर शंभर किलोच्या आसपासचा, क्लीट (रेलच्या खाचेत बसणारी, पट्टा अडकवायची कडी) मात्र धडधाकट, आणि सर्व्हिसवाले ‘ओव्हरलोड’ एवढं एकच बोलून मोकळे. आता बाजारातल्या जाड पोलादी क्लीट घेतल्या तर पुन्हा असं होणार नाही ना, असं विचारताय.

होईल. तुमची क्लीट तुटलीच नाहीये, मग ती बदलून काय साधणार?

मी इंजिनिअर नाही, गाडी न बघता लिहितोय, आणि तुमच्या मॅन्युअलमध्ये काही वेगळं असेल तर तेच खरं. पट्टा रॅचेटमध्ये (पट्टा आवळायच्या दातेरी खटक्यात) कसा ओवायचा, क्लीट खाचेत ‘टक्’ करून बसली की नाही हे हलवून कसं बघायचं, हे तुम्हाला येत असणार, त्यात वेळ घालवत नाही.

रेल म्हणजे ॲल्युमिनियमची एक लांब पट्टी. ती हौद्याच्या भिंतीला ठरावीक अंतरावर बोल्टांनी धरलेली असते. बोल्ट ज्या नटांत जातात ते बहुतेक वेळा आतल्या पत्र्याला वेल्ड केलेले किंवा रिव्हेटसारखे दाबून बसवलेले असतात. म्हणजे क्लीटवरचा सगळा ओढा शेवटी त्या पातळ पत्र्यावर आणि नटाच्या आट्यांवर येतो. क्लीट कितीही दणकट असो. उलट क्लीट फार मजबूत घेतली तर आधी वाकायचं काम ती करत नाही, रेल करते. माझ्या मते क्लीट वाकलेली परवडते. ती सुटी मिळते, रेलसाठी मात्र सगळे बोल्ट उघडावे लागतात.

आता माझ्यावेळी काय झालं ते. गाडीला मागच्या बाजूने कुणीतरी ठोकलं होतं, हौद्याची भिंत चेपली. दुरुस्तीला दिली, रंग झकास जुळला, रेलही जागेवर परत आली. काही महिन्यांनी बऱ्यापैकी हलकं सामान बांधलेलं असताना एक जोरात ब्रेक लागला आणि रेलचं मागचं टोक उचकटून निघालं. सर्व्हिस काउंटरवर गेलो. गाडीकडे न बघताच उत्तर आलं: ओव्हरलोड. वजनकाट्याची पावती दाखवली. मग म्हणाले, रेल ही ॲक्सेसरी, ती बॉडी दुरुस्तीत येत नाही. ॲक्सेसरीवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले, रेल आम्ही बसवली नाही, बॉडी विभागाने काढून बसवली, तिकडे विचारा. एका क्लीटवर किती किलो चालतात ते लेखी द्या म्हटलं, तर ‘मॅन्युअलमध्ये बघा’. मॅन्युअलमध्ये आकडा होता, पण तो कारखान्यातून जशी रेल बसून येते तिच्यासाठी. तुम्ही बसवलेली तशी आहे का, एवढाच माझा प्रश्न होता. त्याला उत्तर कधीच मिळालं नाही. ईमेलला फक्त ‘आपली तक्रार नोंदवली आहे’.

शेवटी एका बाहेरच्या मेकॅनिकने रेल पूर्ण उतरवली. दोन ठिकाणी नटांचे आटे गेलेले होते आणि तिथे बोल्टांऐवजी पत्र्यात घुसवायचे साधे स्क्रू मारून दिले होते. वरून टोपी तशीच, डोकं तसंच, रंगही तोच. पत्र्यातला स्क्रू आडवा ओढला तर थोडंफार धरतो, सरळ उपसला की त्याची धरण्याची ताकद नटातल्या बोल्टापेक्षा खूपच कमी. फोटो घेऊन पुन्हा काउंटरवर गेलो तर म्हणे, गाडी मध्ये दुसऱ्या कुणी उघडली, आता आमची जबाबदारी नाही. नवी रेल पदरच्या पैशाने बसवली. तेव्हापासून ‘ओव्हरलोड’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. कारण वजन किती होतं हा तपासाचा पहिला प्रश्न नसतोच. ताण कुठल्या दिशेने आला आणि रेलमागे काय आहे, हे आधी बघायला हवं.

म्हणून तुम्हाला सांगतो, बाहेरच्या कुणालाही हात लावू देण्याआधी सर्व्हिसवाल्यांच्याच समोर, त्यांच्याच जॉब कार्डवर ‘रेल उतरवून तपासणी’ असं लिहून घ्या. बोल्ट काढताना प्रत्येकाचा फोटो घ्या. आटे असलेला बोल्ट आणि टोकदार स्क्रू यातला फरक फोटोतही कळतो. पूर्वी कधी बॉडीचं काम झालं असेल तर जुनं बिल शोधून ठेवा. त्यात ‘रेल काढणे-बसवणे’ अशी ओळ असेल तर तोंड बंद करायला ती पुरेशी आहे. निदान असायला हवी.

तुमच्या बाबतीत मात्र स्क्रूपेक्षा मला दुसरीच शंका जास्त येतेय. तुम्ही लिहिलंय की पट्टा डाव्या रेलवरून उजव्या रेलवर आडवा टाकला होता आणि जनरेटरचं डोकं रेलच्या जेमतेम वर होतं. इथेच घोळ आहे. रेल असते भिंतीच्या वरच्या अंगाला. सामान तेवढंच उंच असेल तर पट्टा जवळजवळ आडवाच राहतो आणि सामानाला खाली दाबतच नाही. कपडे वाळत घालायची दोरी कितीही ताणली तरी मध्ये थोडी झोल खातेच ना, त्यातलाच हा प्रकार. पट्टा आडव्याशी 10 अंशांचा कोन करत असेल तर एका बाजूच्या ताणातला जेमतेम 17 टक्के भाग खालच्या दिशेने जातो. म्हणजे पट्ट्यात 300 किलोचा ताण दिलात तर दोन्ही बाजू मिळून जनरेटरवर दाब पडला शंभरएक किलोचा, आणि रेलला मात्र आतल्या बाजूला जवळपास पूर्ण 300 किलोचा हिसका. नेमका बोल्ट उपसायच्या दिशेने. सामान रेलपेक्षा बुटकं असेल तर आणखी वाईट: पट्टा त्याच्या चौकटीत अडकवून आवळलात की तो सामान चक्क वर उचलायला बघतो.

आणि 300 किलो हा आकडा हवेतला नाही. पट्ट्यावरच्या लेबलवर ‘एसटीएफ’ (STF) असं लिहिलेलं असतं. रॅचेटच्या मुठीवर 50 किलोचा जोर लावला तर ते पट्ट्यात किती ताण भरते, ते त्यातून कळतं. 50 मिमी रुंदीच्या पट्ट्यांना तो तीनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त सहज असतो. म्हणजे गाडी उभी असतानाच, एक किलोमीटरही न जाता, नुसत्या रॅचेटने रेल वाकवता येते. त्यातून पट्टा क्लीटमधून ओवून परत फिरवला असेल, दोन्ही टोकं एकाच दिशेला ओढत असतील, तर क्लीटवर येणारा ओढा पट्ट्यातल्या ताणाच्या दुपटीपर्यंत जातो. हे कुणी सांगत नाही. रेलसाठी 25 मिमीचे पट्टे पुरेत, रुंद पट्टे हौद्याच्या तळाच्या कड्यांसाठी ठेवा, हे माझं ठाम मत. कुणाला पटणार नाही, चालेल.

तळाच्या कड्यांचा विषय निघालाच आहे तर जड सामान तिथेच बांधा. तिथून पट्टा वर चढतो, कोन उभा मिळतो. 30 अंशांना ताणाचा निम्मा भाग खाली दाबतो, 60 अंशांना 87 टक्के. रेल मला उपयोगी वाटते ती उंच, हलक्या, डुलणाऱ्या वस्तू उभ्या धरायला: शिडी, सायकल, कपाटाची फळी. क्लीटही दोन बोल्टांच्या मधोमध लावू नका, बोल्टाच्या अगदी शेजारी सरकवा. पट्टी मधोमधच सगळ्यात जास्त वाकते. तुमच्या फोटोतला फुगवटाही नेमका मधोमधच आहे.

थोडा हिशोब देतो, म्हणजे काउंटरवर बोलता येईल. माल बांधण्याच्या युरोपियन मानकात, ईएन 12195-1 मध्ये, रस्त्यावर पुढच्या दिशेने वजनाच्या 0.8 पट आणि बाजूला व मागे 0.5 पट जोर धरायला सांगितलाय. तुमचा जनरेटर शंभर किलोचा धरला तर जोरदार ब्रेकला तो 80 किलोच्या जोराने पुढे जायला बघणार. हौद्याच्या गुळगुळीत तळावर घर्षण साधारण 0.3 धरलं तर त्यातले 30 घर्षणच खातं, उरलेले 50 कुणीतरी धरायचे. खाली घसरण रोखणारी रबरी चटई टाकली की घर्षण 0.6 धरतात, मग उरतात फक्त 20. आणि जनरेटर सरळ केबिनकडच्या भिंतीला टेकवून ठेवला तर पुढचा जोर पट्ट्यांवर येतच नाही. म्हणजे चटई आणि जागा यांनीच अर्धं काम होतं. लोक याऐवजी क्लीटवर पैसे घालतात, त्याला काय म्हणायचं.

चटई मात्र धूळ-तेलाशिवाय हवी. वाळू सांडलेल्या तळावर तिचा काही उपयोग नाही, आधी झाडून घ्या.

जाता जाता: रेलच्या खाचेत माती साठली की स्प्रिंगची क्लीट पूर्ण आत बसत नाही, बसल्यासारखी दिसते. तेल-ग्रीस घालू नका, त्यावर आणखी माती चिकटते. पाण्याने धुवून कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. बोल्टांच्या आसपास पांढरी पूड दिसत असेल तर पोलाद-ॲल्युमिनियम एकत्र आल्याने ॲल्युमिनियम खाल्लं जातंय, तो बोल्ट काढून बघाच. उघडा एस-आकाराचा हूक क्लीटला लावू नका, खड्ड्यात पट्टा क्षणभर ढिला झाला की तो निसटतो. कडी बंद होणारा हूक घ्या. नवा पट्टा सुरुवातीला ताण सोडतो, त्यामुळे थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा आवळा. लेबल फाटलेला पट्टा मी वापरत नाही, त्याची क्षमता कुणालाच ठाऊक नसते. आणि फाळका उघडा टाकून जायचं असेल तर मागच्या क्लीटवर भरवसा ठेवू नका, सामान सरकलं तर तिथे अडवायला काही नाही.

आता तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. फुगवट्याच्या दोन्ही बाजूंच्या बोल्टांच्या डोक्यांचे जवळून फोटो टाका, टोप्या काढून. आणि पट्ट्याच्या लेबलवरचा एसटीएफ आकडा सांगा. बोल्ट मूळचे असतील आणि आकडा मोठा असेल तर रेल रॅचेटने वाकलीय असं मी म्हणेन, मग काउंटरशी भांडण्यात अर्थ नाही. स्क्रू निघाले तर जॉब कार्डचा नंबर हाताशी ठेवा, पत्र कसं लिहायचं ते सांगतो.