बायकोला मारणाऱ्या खेळाडूला लीगने नेमकी काय शिक्षा द्यावी? आजन्म बंदी घातली तर प्रश्न सुटणार नाही का?

नाही सुटणार. काही घरांत उलट वाढेल. पण 'आधी कोर्टाचा निकाल लागू द्या, मग बघू' असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. तुम्ही तपशिलात अमेरिकन फुटबॉलपटू रे राइसचं उदाहरण दिलंय, भारतात असं काही का होत नाही असं विचारलंय, आणि शेवटी खोट्या तक्रारींचा मुद्दा काढलाय. त्याच क्रमाने लिहिते. मी पुण्यात वकिली करते. बहुतेक केसेस कौटुंबिक हिंसाचाराच्या असतात. जास्त करून बायकोच्या बाजूने उभी राहते, कधी कधी नवऱ्याच्याही.

राइसचं प्रकरण लोकांना लिफ्टमधल्या व्हिडिओपुरतं आठवतं. खरं शिकण्यासारखं त्याच्या आजूबाजूला आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीच्या एका कसिनोच्या लिफ्टमध्ये त्याने होणाऱ्या बायकोला, जॅनेय पामरला, ठोसा मारून बेशुद्ध पाडलं. तिला लिफ्टबाहेर ओढून काढतानाचा व्हिडिओ चार-पाच दिवसांतच सगळीकडे फिरला. म्हणजे लीगला काय घडलं ते ठाऊक होतं. जुलैमध्ये शिक्षा जाहीर झाली: १६ सामन्यांच्या मोसमात २ सामने बाहेर. त्याच उन्हाळ्यात जॉश गॉर्डन नावाच्या खेळाडूला गांजाच्या चाचणीवरून अख्खा मोसम बाहेर काढलं होतं (पुढे ती शिक्षा कमी झाली). लोक भडकले. ऑगस्टअखेर लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी संघमालकांना पत्र लिहून आपला निर्णय चुकल्याचं कबूल केलं आणि नवा नियम आणला: पहिल्या वेळी ६ सामने, दुसऱ्या वेळी हकालपट्टी. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतला व्हिडिओ बाहेर आला. त्याच दिवशी त्याच्या क्लबने, बाल्टिमोर रेव्हन्सने, करार मोडला आणि लीगने बेमुदत बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये माजी फेडरल न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ती बंदी रद्द केली. राइसने लीगपासून काही लपवलं नव्हतं, मग एकाच कृत्याला पुन्हा नवी शिक्षा कशी देता, असा त्यांच्या निकालाचा अर्थ. त्यानंतर राइस पुन्हा खेळला नाही. त्याला नियमाने अडवलं नव्हतं, त्याला घ्यायला कोणी तयार झालं नाही एवढंच.

कृत्य तेच, पुरावाही जवळपास तोच. मध्ये बदललं काय, तर लोकांनी काय पाहिलं ते.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. जूनमध्ये गुडेल यांनी सुनावणी घेतली तेव्हा जॅनेयला राइसच्या सोबत, क्लबचे वरिष्ठ अधिकारी हजर असताना बोलायला बसवलं होतं. त्याच्या आधी मे महिन्यात क्लबने दोघांना पत्रकारांसमोर बसवलं, आणि त्या रात्रीच्या घटनेतल्या आपल्या वाट्याबद्दल तिला खेद वाटतो, असं क्लबच्या ट्विटर खात्यावरून जगाला कळवलं. आमच्याकडे पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये नवखी समुपदेशकसुद्धा नवरा-बायकोला आधी वेगवेगळं बसवते. तो शेजारी बसलेला असताना ती काय सांगणार? अब्जावधी डॉलर कमावणाऱ्या लीगला एवढं कळत नव्हतं असं मी मानत नाही. चौकशी करणारा आयुक्त मालकांनी नेमलेला, मालकांना खेळाडू मैदानावर हवा, आणि बायको त्या खोलीत एकटी. एवढ्यावरून निकाल काय लागणार ते आधीच सांगता आलं असतं.

म्हणून किती सामने, हा माझ्या दृष्टीने शेवटचा प्रश्न. नुसता आकडा ठरवून काय होतं ते त्याच लीगने दाखवलं. ६ सामन्यांचा नियम कागदावर असताना २०१६ मध्ये न्यू यॉर्क जायंट्सच्या जॉश ब्राउनला १ सामन्याची शिक्षा झाली. दोन महिन्यांनी पोलिसांचे कागद उघड झाले आणि मग क्लबच्या मालकांनी रेडिओवर सांगितलं की त्याने पूर्वी बायकोला मारल्याचं आपल्यापाशी कबूल केलं होतं, ते किती प्रमाणात हे तेवढं स्पष्ट नव्हतं. मारहाणीचं प्रमाण! हा शब्दप्रयोग मी जबाबांत नवऱ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकलाय, मालकाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

आता आजन्म बंदीकडे येते. तक्रार करायला आलेली बाई पहिल्यांदा काय विचारते माहीत आहे? 'त्याची नोकरी तर जाणार नाही ना?' सरकारी नोकर ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की आपोआप निलंबित होतो आणि सुरुवातीला साधारण निम्म्या पगाराएवढा निर्वाह भत्ता मिळतो. जिल्हा परिषदेतल्या शिक्षकाची, पोलीस शिपायाची बायको हे गणित पाठ करून आलेली असते. घराचा हप्ता, मुलांची फी, सासूचं औषध, सगळं त्याच पगारातून. तक्रार केली तर मार थांबेल की चूल थांबेल, हे तिला आधी ठरवावं लागतं. खेळाडूच्या बायकोचं गणित याहून वेगळं नसतं, फक्त रकमा मोठ्या असतात. त्यात कारकीर्द दहा-बारा वर्षांची. पहिल्या तक्रारीला आजन्म बंदी असेल तर पहिली तक्रार होणारच नाही. क्लबचे लोक, एजंट, सासर-माहेर सगळे मिळून तिला गप्प बसवतील, आणि करोडोंचं नुकसान तुझ्यामुळे झालं हे तिला जन्मभर ऐकावं लागेल. बंदी रद्द व्हायच्या आधी जॅनेयनेही समाजमाध्यमावर राग काढला होता तो माध्यमांवर आणि नवऱ्याची रोजीरोटी हिरावणाऱ्यांवर. लोकांना तेव्हा तिचं आश्चर्य वाटलं. मला अजिबात वाटलं नाही.

अमेरिकन बेसबॉलने २०१५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी मिळून जे धोरण केलं ते मला जास्त विचारी वाटतं. ठरावीक आकडा नाही, किमान नाही, कमाल नाही. आरोप आला की आयुक्त खेळाडूला काही दिवस पगारी रजेवर पाठवू शकतात, लीग स्वतः तपास करते, पोलिसांनी गुन्हा दाखल केला नाही तरी शिक्षा देता येते, आणि समुपदेशनाचा आराखडा तज्ज्ञांचं मंडळ आखतं. पहिली शिक्षा २०१६ च्या मार्चमध्ये अरोल्डिस चॅपमनला झाली, ३० सामने. फौजदारी खटला नव्हता, तरीही. मात्र पुढचं ऐका. आरोप बाहेर आल्यावर त्याचा भाव पडला होता, तेव्हा न्यू यॉर्क यांकीजने त्याला स्वस्तात पदरात पाडून घेतलं होतं. तो ३० सामने बाहेर बसला. जुलैमध्ये यांकीजने शिकागो कब्जला तो विकला आणि बदल्यात उत्तम तरुण खेळाडू घेतले. कब्जने त्याच वर्षी १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलचं विजेतेपद, जिंकली. डिसेंबरमध्ये यांकीजनेच त्याला परत बोलावलं, ५ वर्षांचे ८६ दशलक्ष डॉलर देऊन. या व्यवहारात क्लबचं काय गेलं? काहीच नाही. वर बंदीच्या काळातला पगारही वाचला.

शिक्षेचं हे छिद्र कोणीच बुजवत नाही. खेळाडूला पगार मिळू नये हे ठीक, पण तो क्लबच्या तिजोरीत का राहावा? माझ्या मते तो आधी बायको-मुलांच्या पोटगीकडे जावा, उरलेला स्त्रियांच्या आधारगृहांकडे. आणि बंदीच्या काळात क्लबला त्याच्या जागी दुसरा खेळाडू घेऊ देऊ नये. एक जागा रिकामी ठेवून खेळा. मग बघा, कॅप्टन आणि प्रशिक्षक घरी काय चाललंय याची चौकशी आपणहून करतील.

आपल्याकडे काय होतं? मार्च २०१८ मध्ये मोहम्मद शमीच्या पत्नीने त्याच्यावर मारहाणीसह बरेच आरोप केले. शमीने ते सगळे नाकारले. आरोप खरे की खोटे यावर मी काही बोलणार नाही, ते कोर्टाचं काम. मी बोलतेय क्रिकेट मंडळाबद्दल. मंडळाने वार्षिक करारांच्या यादीतून त्याचं नाव थांबवून ठेवलं आणि भ्रष्टाचारविरोधी पथकाच्या प्रमुखांना चौकशी करायला सांगितलं. चौकशी कशाची? आरोपांमध्ये एका परक्या व्यक्तीकडून पैसे घेतल्याचाही आरोप होता, त्याची. त्यात काही सापडलं नाही आणि २२ मार्चला त्याला ३ कोटींचा 'ब' श्रेणीचा करार मिळाला. मारहाणीच्या आरोपाला मंडळाने हातच लावला नाही, कारण त्यासाठी मंडळाकडे नियमच नव्हता. पैशांसाठी होता.

'गुन्हा पोलीस बघतील, मंडळ काय करणार' हे उत्तर ऐकायला बरं वाटतं. पण श्रीशांतला आठवा. २०१३ मध्ये स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून मंडळाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने त्याला आरोपमुक्त केलं, तरी मंडळाने बंदी उठवली नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा शिस्तभंगाच्या कारवाईचा अधिकार मान्य केला, फक्त शिक्षा किती याचा फेरविचार करा म्हणून सांगितलं आणि मंडळाच्या लोकपालांनी ती ७ वर्षांवर आणली. त्याच वर्षी जानेवारीत टीव्हीवरच्या गप्पांत बायकांबद्दल वाह्यात बोलले म्हणून हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना ऑस्ट्रेलियातून परत बोलावलं, निलंबित केलं आणि पुढे प्रत्येकी २० लाख दंडही झाला. तेव्हा कोर्टाची वाट पाहिली नव्हती. म्हणजे वानखेडेवरच्या त्या कार्यालयाला कारवाई करता येते. प्रश्न कशावर करायची याचा आहे.

मी असते तर काय केलं असतं? निर्णय मंडळाच्या किंवा फ्रँचायझीच्या हातातून पूर्ण काढून घेतला असता. निवृत्त न्यायाधीश, कौटुंबिक हिंसाचारात काम केलेली समुपदेशक, एक डॉक्टर अशी समिती, जिच्यात क्रिकेटशी पैशाचा संबंध असलेलं कोणीही नाही. बायकोचं म्हणणं वेगळं, बंद दाराआड, तिची सोबतीण घेऊन. नुसत्या एफआयआरवर कोणाला बाहेर बसवू नये. पण आरोपपत्र दाखल झालं किंवा दंडाधिकाऱ्यांनी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश दिला, की खेळाडू मैदानाबाहेर, पूर्ण पगारावर. ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगने २०१९ पासून असंच काहीसं केलंय: ११ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप लागला की सराव करायचा, पगार घ्यायचा, सामना खेळायचा नाही. बायका-मुलांविरुद्धच्या लहान गुन्ह्यांत अधिकाऱ्यांना तोच निर्णय घ्यायची मुभा आहे. एका खेळाडूने याला फेडरल कोर्टात आव्हान दिलं आणि तो हरला.

समितीपुढे मारहाण सिद्ध झाली तर एक मोसम, तिथून परिस्थितीप्रमाणे वर किंवा खाली. सामने मोजण्यात अर्थ नाही, ३० सामने ऐकायला मोठे वाटतात पण १६२ सामन्यांच्या बेसबॉल मोसमाचा ते पाचवा हिस्सासुद्धा नाहीत. समितीशी खोटं बोलला तर त्याची वेगळी शिक्षा. आणि संरक्षण आदेश मोडला, तिच्या दारात गेला, फोनवर धमकावलं, तर करार त्याच दिवशी संपला. आदेश मोडणं हा तसाही गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आजन्म बंदी मी ठेवेन ती यासाठी आणि दुसऱ्यांदा सिद्ध झालेल्या मारहाणीसाठी.

खोट्या तक्रारी होतात. मी नवऱ्यांच्या बाजूने उभी राहून त्या पाहिल्या आहेत. म्हणूनच पहिला टप्पा पगारी ठेवायचा आणि त्याला दोषारोप म्हणायचं नाही. तरी त्यात नुकसान आहेच: ऑस्ट्रेलियात त्याच कोर्टात हरलेल्या खेळाडूचे (त्याचा आरोप लैंगिक अत्याचाराचा होता) दोनहून जास्त मोसम गेले आणि अखेर सरकारी पक्षाने खटला मागे घेतला. ती वर्षं त्याला कोण परत देणार? त्यामुळे समितीला मुदत हवी, ९० दिवसांची. कोर्टाची वाट पाहिली तर खेळाडू निवृत्त होईल. आमच्या कायद्यात अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करा असं लिहिलंय, प्रत्यक्षात काय होतं ते पक्षकारांना विचारा. आणि बायको समितीपुढे आलीच नाही तर प्रकरण तिथे संपवू नये. अमेरिकन फुटबॉलपटू ग्रेग हार्डीला मैत्रिणीला मारल्याबद्दल नॉर्थ कॅरोलायनातल्या न्यायाधीशांनी दोषी ठरवलं होतं. त्याने ज्युरीपुढे नव्याने खटला मागितला, तक्रारदार सहकार्य करेना आणि २०१५ च्या फेब्रुवारीत सगळे आरोप काढून टाकले गेले. सव्वा महिन्यातच डॅलस काउबॉइज क्लबने त्याच्याशी करार केला. ती का आली नाही ते विचारायचं, पण त्याहून आधी दवाखान्याचे कागद, फोनमधले फोटो, पहाटे तीनला माहेरी पाठवलेले मेसेज आणि शेजाऱ्यांचे जबाब समोर ठेवायचे. माझ्या कित्येक केसेस एवढ्यावरच उभ्या असतात.