शेवगा लावा, पण छाटायचं कोणी ते आधी ठरवा

तुम्ही विचारलंय, गावात ऊन कडक आहे, तर अंगणात शेवगा बी लावून करू की फांदी लावून, आणि घराजवळ चालतो का.

उन्हाचं सोडा. आमच्या जळगावात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, तेव्हा जास्वंद मान टाकते, शेवगा नाही. त्याला बाधतं ते पाणी. बुडाशी साचलं की मुळं कुजलीच.

खरी गोम छाटणीत आहे. सासऱ्यांनी न्हाणीमागे मनगटाएवढी फांदी रोवली होती. ती फोफावली. शेंगा उतरल्या की मी दरवर्षी म्हणायचे, आता छाटू या. भाऊजींचं एकच, "फळतं झाड कापू नये, वहिनी." पाच वर्षांत झाड गच्चीच्या वर गेलं, शेंगा सगळ्या शेंड्याला. आकडीचा बांबूही पोचेना. मग एका संध्याकाळी वळवाचं वादळ आलं, कडकन आवाज झाला आणि मांडीएवढी फांदी शेजारच्या पत्र्यांवर. मोडलेल्या जागी बघितलं तर आत पांढरं, ओलं, मुळ्यासारखं. याला लाकूड म्हणायचं! शेजारच्या काकू म्हणाल्या, "दारात शेवगा लावला की असंच होतं." तीन पत्र्यांचे पैसे भाऊजींनी भरले आणि त्याच तिरमिरीत सकाळी कुऱ्हाडीने झाड कंबरेइतकं ठेवून तोडलं. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

पावसाला खोडावर सात-आठ फुटवे आले. चार ठेवले, बाकीचे काढले. फेब्रुवारीत शेंगा हाताला लागत होत्या. तेव्हापासून आल्या-गेल्याला भाऊजी सांगतात, "मी कापलं म्हणून!" पाच वर्षं मी काय ओव्या म्हणत होते?

तर रोप अडीच-तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा. पुढे दरवर्षी शेंगा संपल्या की कंबरेइतकं ठेवून कापा. 'फळतं झाड' म्हणणाऱ्याच्या हातात आकडी द्या.

बी लावायचं तर तामिळनाडूतल्या पेरियाकुलमची पीकेएम-1 ही जात घ्या, सहा-आठ महिन्यांत शेंगा धरते. एखाद्याच्या झाडाची चव आवडली असेल तर त्याचीच फांदी आणा, बी आईवर जाईलच असं नाही. कुंडीत पाल्याची भाजी होईल, शेंगांची आशा धरू नका.

घराजवळ चालतो, पण तारा, पत्रे आणि पाण्याची टाकी यांपासून दहा-बारा फूट लांब. आणि हो, पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंट पुंजक्याने बसतात, त्यामुळे कपड्यांची दोरी चुकूनही त्याला बांधू नका. काकूंचं 'दारात नको' बहुतेक यातूनच आलं असावं.

भाऊजी हे वाचत असतील तर, छाटायला करवत लागते, कुऱ्हाड नाही. तुमच्या घावाने खोड चिरलंय, तिथून अजून डिंक गळतो.