वाचकांचे प्रश्न : जुने चित्रपट, नवे पडदे

गेल्या काही महिन्यांत जुन्या चित्रपटांच्या पुनर्प्रदर्शनाविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : डिसेंबर २०२५ मध्ये ‘शोले’ मल्टिप्लेक्समध्ये पुन्हा पाहिला. पडद्याच्या वर आणि खाली काळ्या पट्ट्या होत्या. म्हणजे चित्र कापले होते का? शिवाय शेवट मी १९७५ साली पाहिला त्याहून वेगळा होता. जुन्या चित्रपटात असे फेरफार करावेत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी पट्ट्यांविषयी. चित्र कापलेले नव्हते, म्हणूनच आपल्याला त्या पट्ट्या दिसल्या. चित्रचौकटीच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण काळानुसार आणि तंत्रानुसार बदलत आले आहे. ‘शोले’चे चित्रण ३५ मिलिमीटर फिल्मवर झाले आणि त्यावरून ७० मिलिमीटरच्या प्रिंट काढण्यात आल्या, त्या प्रिंटमध्ये चित्राची रुंदी उंचीच्या २.२ पट होती, आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात ज्यांनी तो पाहिला त्यांना आठवते ती भव्यता याच चौकटीची आहे. आजचे बहुतेक पडदे १.८५ किंवा २.३९ या प्रमाणाचे असतात. २.२ चे चित्र पहिल्या प्रकारच्या पडद्यावर पूर्ण दाखवायचे तर वर-खाली जागा रिकामी राहते आणि दुसऱ्या प्रकारच्या पडद्यावर ती डाव्या-उजव्या बाजूंना राहते. ‘आवारा’ किंवा ‘प्यासा’ यांची चौकट तर १.३७ ची, म्हणजे चौरसाच्या बरीच जवळची आहे, त्यामुळे त्यांच्या दोन्ही बाजूंना रुंद काळे पट्टे दिसणे हेच बरोबर आहे. रिकाम्या पडद्याचे पैसे घेतले अशी कुरकुर प्रेक्षक करतील या भीतीने कधी कधी असे चित्र पडदाभर ताणले जाते किंवा वरून-खालून छाटले जाते. १.३७ चे चित्र छाटून १.८५ च्या पडद्यावर भरायचे ठरवले, तर उंचीचा सुमारे चौथा भाग नाहीसा होतो. समीपदृश्यात कपाळ जाते आणि नृत्यात पावले जातात. तक्रार करायचीच असेल तर अशा वेळी व्यवस्थापकाकडे जाऊन अवश्य करावी.

शेवट आता नव्याने चित्रित केलेला नाही. ठाकूर गब्बरला ठार मारतो हाच मूळचा शेवट होता, परंतु आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने त्याला हरकत घेतली आणि ऐनवेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा दुसरा शेवट चित्रित करावा लागला. मूळ कॅमेरा निगेटिव्ह (चित्रणाच्या वेळी कॅमेऱ्यात वापरलेली फिल्म) अतिशय खराब झालेली असल्यामुळे फिल्म हेरिटेज फाउंडेशनने परदेशी गोदामात सापडलेल्या इतर प्रतींचा आधार घेऊन या चित्रपटाचे पुनरुज्जीवन केले. २७ जून २०२५ रोजी तो इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखवण्यात आला आणि त्यानंतर आपल्याकडे प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाला जो शेवट हवा होता तो पन्नास वर्षांनी का होईना पडद्यावर आला, हे न्याय्यच झाले. तरीही आमचे एक मत नोंदवतो : दोन पिढ्यांनी जो शेवट पाहिला, तोही आता इतिहासाचा भाग झाला आहे. नव्या प्रतीमुळे तो बाजारातून हद्दपार होऊ नये. दोन्ही शेवट अभ्यासकांना आणि रसिकांना पाहता यायला हवेत.

प्रश्न : हे चित्रपट टीव्हीवर आणि मोबाइलवर घरबसल्या मिळत असताना तिकीट काढून का पाहावेत? आणि जाहिरातीतल्या ‘४के’वर कितपत विश्वास ठेवावा? (नाशिक, पुणे आणि लातूर येथील वाचक)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटागणिक बदलते. केवळ संवादांवर चालणारा चित्रपट घरी पाहून फारसे नुकसान होत नाही. पण ‘कागज़ के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीचा, चित्रपट आहे. त्यात छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश वळवून रिकाम्या स्टुडिओत जो एकच झोत सोडला आहे, त्याच्या दोन टोकांना उभी असलेली दोन माणसे आणि त्यांच्यामधला अंधार हेच त्या दृश्याचे सारसर्वस्व आहे. हातातल्या पडद्यावर तो अंधार बोटभर उरतो. हशा, टाळ्या आणि शिट्ट्या यांचाही वाटा आहेच. मात्र प्रत्येक संवाद नटाच्या आधी मोठ्याने म्हणून दाखवणाऱ्या रसिकांनी शेजारच्या खुर्चीतला माणूस कदाचित पहिल्यांदाच चित्रपट पाहत असेल, एवढे ध्यानात ठेवले तर बरे होईल.

‘४के’ हा आकडा केवळ चित्रबिंदूंची संख्या सांगतो : आडवे ४०९६ आणि उभे २१६०. ते बिंदू कशावरून आले हे तो सांगत नाही. मूळ निगेटिव्ह चौकटीगणिक स्कॅन करून, ओरखडे काढून आणि रंग जुळवून केलेली प्रतही ४के असते. टीव्हीसाठी कधीकाळी केलेली प्रत संगणकावर फुगवून काढली, तर तीही कागदोपत्री ४के ठरते. शिवाय चित्रपटगृहातील प्रक्षेपक २के, म्हणजे आडव्या निम्म्याच बिंदूंच्या, क्षमतेचा असेल, तर पडद्यावर २के एवढेच चित्र येणार. म्हणून जाहिरातीत आकड्याऐवजी दोन गोष्टी शोधाव्यात : पुनरुज्जीवन कोणी केले आणि ते कोणत्या मूळ सामग्रीवरून केले. प्रामाणिक संस्था हे लपवत नाहीत. ‘उमराव जान’ (१९८१) २०२५ मध्ये पुन्हा आला, तेव्हा निगेटिव्ह खराब झाल्यामुळे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवरून काम केल्याचे उघडपणे सांगितले गेले होते. अशा प्रतीत थोडी कणी (फिल्मवरचे बारीक दाणे) आणि थोडा मऊपणा राहणारच, आणि तो राहिलेला बरा. कणी पार घासून काढली की चेहरे मेणाचे दिसू लागतात. मूळ एकपदरी (मोनो) ध्वनिमुद्रणावर नव्याने घोड्यांच्या टापा आणि मेघगर्जना चढवण्याची हौसही आम्हाला पसंत नाही. जाहिरातीत यापैकी काहीच सांगितलेले नसेल, तर पहिल्या दिवशी घाई न करता कुणीतरी पाहून येईपर्यंत थांबावे.

तिकिटाचे म्हणाल, तर डिसेंबर २०२४ मध्ये राज कपूर यांच्या जन्मशताब्दीनिमित्त झालेल्या महोत्सवात ते १०० रुपये होते. एवढ्या पैशांत ‘आवारा’ मोठ्या पडद्यावर मिळत असेल, तर घरबसल्याचा मुद्दा फार काळ टिकत नाही.

प्रश्न : हिंदी चित्रपट एकामागून एक येत आहेत. मग ‘प्रभात’चे मराठी चित्रपट मल्टिप्लेक्समध्ये का येत नाहीत? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ‘प्रभात’चा जन्म १९२९ साली आपल्याच गावी झाला, त्यामुळे आपली खंत समजू शकते. त्या काळातील चित्रपट नायट्रेट फिल्मवर असत. ती सहज पेट घेते आणि न पेटताही कुजत जाते. २००३ साली पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्याच आवारातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुनी रिळे नष्ट झाली. मूळ फिल्मवरून नंतर काढलेल्या प्रती उरल्या, म्हणून १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवलेला ‘संत तुकाराम’ आजही पाहता येतो. पण प्रतीवरून काढलेल्या प्रतीत प्रत्येक वेळी तपशील गळतो, आणि मल्टिप्लेक्सचा पडदा ही गळती झाकत नाही.

दुसरे कारण पैशांचे आहे. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने अडीच तासांच्या चित्रपटात २ लाख १६ हजार चौकटी भरतात, आणि त्या एकेक करून स्वच्छ करण्याचा खर्च दोन-तीन दिवसांच्या मोजक्या खेळांतून निघत नाही. हिंदीत नटाच्या नावावर देशभर महोत्सव भरवता येतो. मराठीत प्रेक्षक एका राज्यापुरता, हक्क अनेकदा वारसांमध्ये विभागलेले, आणि वितरकाची समजूत अशी की हा प्रेक्षक टीव्हीवर समाधानी आहे. ही समजूत तपासून पाहण्याचा मार्ग आपल्या हाती आहे. गावातील चित्रपट मंडळाने एखाद्या सकाळच्या खेळाची शे-दीडशे तिकिटे एकगठ्ठा घेण्याची हमी दिली, तर चित्रपटगृहाचा व्यवस्थापक निदान बोलणी तरी करतो. त्या बोलणीच्या वेळी कोणती प्रत येणार आहे, हे विचारायला मात्र विसरू नये.

प्रश्न : ‘मुग़ल-ए-आज़म’ रंगीत पाहावा की कृष्णधवल? (एक वाचक, पणजी)

उत्तर : १९६० च्या मूळ चित्रपटात शीशमहालातील गाणे आणि अखेरचा काही भाग एवढेच रंगीत होते, आणि इतका वेळ करड्या छटांत वावरल्यावर अचानक उसळणारा रंग हाच त्यातला चमत्कार होता. २००४ च्या संपूर्ण रंगीत आवृत्तीत तो चमत्कार शिल्लक राहत नाही. मिळाल्यास मूळ पाहावा.

प्रश्न : ऐंशीच्या घरातील आईला पुनर्प्रदर्शित चित्रपट दाखवायचा आहे. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : दुपारचा खेळ घ्यावा, जुने चित्रपट अनेकदा तीन तासांहून मोठे असतात आणि रात्रीच्या खेळाला थकवा येतो. मल्टिप्लेक्समधील जाहिरातींचा आवाज मुख्य चित्रपटापेक्षा अधिक कर्कश वाटतो, तेव्हा आसनावर थोडे उशिरा बसवले तरी चालेल. पायऱ्या टाळण्यासाठी प्रवेशद्वाराच्या पातळीवरील रांग कोणती, हे तिकीट खिडकीवर विचारून घ्यावे. ती अगदी पुढची असेल तर मात्र मान अवघडते. मध्यंतर आहे की नाही, हेही तिथेच विचारावे, कारण महोत्सवातील काही खेळ सलग दाखवले जातात.