ताप गेला, बोटं मात्र सुजलेलीच

प्रश्न : आईला (वय ५४) गेल्या श्रावणात चिकनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण ८ महिने होत आले तरी सकाळी मूठ मिटत नाही, मनगटं सुजतात. गावातल्या एकाच्या पुडीने दोन दिवसांत आराम पडतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुचवलंय. आई म्हणते, "ताप कधीचा गेला, आता ही जहाल गोळी कशाला?" पुढे आषाढात भाताची लावणी आहे.
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : विषाणू गेला हे आईंचं खरं आहे. पण त्याच्याशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती काहींच्या सांध्यांत शांतच होत नाही. बहुतेकांचे सांधे हळूहळू निवळतात, काहींचे महिनोन्‌महिने धुमसतात, आणि ते हुबेहूब आमवातासारखे दिसतात. म्हणून आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवात ओळखायच्या रक्ततपासण्या झाल्यात का, ते विचारा. उठल्यापासून पेज शिजेपर्यंत, तासभर बोटं वळतच नसतील, तर ही वयाची झीज नव्हे, आतली सूज आहे.

त्या पुडीची मला फार काळजी वाटते. दोन दिवसांत एवढा आराम म्हणजे बहुधा त्यात स्टेरॉइड आहे. माझ्याकडे एक काकू अशीच पुडी घेऊन आल्या होत्या. चेहरा गोल सुजलेला, साखर वाढलेली. मात्र आई रोज घेत असतील तर एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं. पुडी डॉक्टरांसमोर ठेवा, ते बेताबेताने सोडवतील.

मेथोट्रेक्सेट तापासाठी नव्हे, सांध्यांतली ही भडकलेली प्रतिकारशक्ती शांत करायला असते. ती आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी. रोज घेतली तर जिवावर बेतते! कालनिर्णयवर वार लिहून ठेवा. आधी आणि नंतरही रक्त, यकृत, मूत्रपिंडाच्या तपासण्या लागतात. गुण यायला ६ ते १२ आठवडे जातात, म्हणून आषाढाची वाट पाहू नका.

या गोळीने संसर्गाशी लढायची ताकद थोडी कमी होते आणि आपल्याकडे चिखलात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती. पायाला चीर असेल तर शेतात उतरू नये. ताप आला तर त्या आठवड्याची गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लघवीच्या त्रासासाठी कोणी सेप्ट्रान हे अँटिबायोटिक लिहू लागलं, तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा. दोन्ही एकत्र चालत नाहीत.

तरवा (भाताची रोपं) काढायला यंदा दुसरं माणूस बघा. त्या कामात सगळा जोर बोटांवर येतो.